आइस्क्रीमच्या डब्याचं कुलूप

धातूंची मिश्रणं अतिथंड केली की त्यांचं चुंबकत्व कसं बदलतं, यावर सून प्रयोगशाळेत संशोधन करायची. घरचे मात्र "ती गारठ्याचं काहीतरी करते" एवढ्यावरच भागवायचे.

मग सासऱ्यांची साखर वाढली आणि फ्रीजरमधलं आइस्क्रीम गुपचूप कमी होऊ लागलं. आणणंच बंद करावं, तर सासूबाईंनाही जेवणानंतर ते लागायचं.

"तुझ्या त्या धातूंचा घराला काही उपयोग?" सासूबाईंनी सुनेला विचारलं.

सुनेने निकेल आणि तांब्याच्या मिश्रणाची पट्टी झाकणाला लावली आणि डब्याला जबरदस्त लोहचुंबक. फ्रीजरच्या थंडीत पट्टी चुंबकाला अशी चिकटे की पैलवानाने ओढली तरी सुटू नये. गरम पाण्यात पिळलेलं फडकं वर ठेवलं, की पट्टीचं चुंबकत्व जाई आणि झाकण अलगद हाती येई. ही युक्ती फक्त दोघींना ठाऊक होती.

आठवडाभर सासरे हिरमुसले होते. मग एका संध्याकाळी ते सुनेजवळ येऊन बसले.

"तू नक्की काय करतेस गं? एकदा नीट समजावून सांग."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण हे कुणी विचारलंच नव्हतं. सुनेला भरून आलं. तिने आकृत्या काढून सगळं सांगितलं, फडक्यासकट.

दुसऱ्या दिवसापासून सासऱ्यांची पाठ अचानक दुखू लागली. सासूबाई बिचाऱ्या हळहळत स्वतःच्या हाताने गरम पाण्याची पिशवी भरून देऊ लागल्या. शेवटी एके दुपारी सून लवकर घरी आली, तर पिशवी डब्यावर आणि चमचा सासऱ्यांच्या तोंडात.

"बाबा, म्हणजे तुम्ही यासाठी विचारलंत?"

"आधी यासाठीच," त्यांनी घास गिळला. "पण आता झोप लागत नाही. सगळेच धातू थंडीत चिकटतात का?"

सुनेचा राग तिथेच विरघळला. "नाही बाबा, काही तर उलटे वागतात," म्हणत ती खुर्ची ओढून बसली.

सासूबाईंनी मात्र बाजारातून साधं कुलूप आणलं. सासरे दोन दिवस रुसले आणि मग हट्टाने सुनेची प्रयोगशाळा बघायला गेले. उणे दोनशे अंशांच्या वाफाळत्या टाकीपाशी ते बराच वेळ हात मागे बांधून उभे होते. सुनेच्या साहेबांनी कौतुकाने विचारलं, "काही शंका, आजोबा?"

"एकच," सासरे म्हणाले. "यात दूध आणि साखर घातली तर?"