टिंबाची दुसरी उडी

दशांश चिन्ह हा मानवी बुद्धीचा सर्वांत लहान आणि सर्वांत थोर शोध आहे. मास्तर हे वाक्य दर वर्षी सातवीच्या वर्गात म्हणत, आणि दर वर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी ऐसपैस जांभई देई. त्या थोरपणाची प्रचीती खुद्द मास्तरांना आली ती एका मंगळवारी, दुसऱ्या तासाला, हातात खडू असताना.

फळ्यावर ४.५ ÷ १०० होतं. रीत मास्तरांची स्वतःची: भाजकात जितकी शून्यं, तितक्या उड्या टिंबाने डावीकडे मारायच्या, पुढे घर नसेल तर शून्याचं घर बांधायचं आणि त्यावरून उडी मारायची. पहिली उडी मारली, .४५ झालं. पुढे घर नाही. शून्याचं घर बांधलं. दुसरी उडी. ०.०४५. मुलांनी उतरवून घेतलं. मास्तरांचा खडू मात्र फळ्यावरच अडकला, कारण हेच गणित त्यांनी सकाळी एकदा सोडवलं होतं आणि उत्तर निराळं आलं होतं.

सकाळी ते गच्चीवर होते. इमारतीत चार बिऱ्हाडं, आणि पाण्याला वास येतो ही कुरकूर महिनाभर चाललेली. टाकीत जंतुनाशक कोणी घालायचं, यावर बैठक बसली तेव्हा, हा प्रमाणाचा प्रश्न आहे, येरागबाळ्याचं काम नव्हे, असं म्हणत मास्तरांनी कॅन आपल्याकडे ओढला होता. यांचं प्रमाण मी भाजीतल्या मिठावरून ओळखते, असं बायको पुटपुटली, ते त्यांनी ऐकलं नाही. कॅनवर लिहिलं होतं, एक लाख लिटर पाण्याला साडेचार लिटर. टाकी हजार लिटरची. म्हणजे शंभराने भागा. शिडीवर उभं राहून, एका हाताने झाकण धरून, कागद कशाला हवा म्हणून त्यांनी तोंडीच भागलं. एक उडी मारली, शून्याचं घर बांधलं, आणि बांधकामाचे श्रम झाले म्हणून की काय, तीच दुसरी उडी धरली. तीन मोठे चमचे घालायचे तिथे जवळजवळ अर्धा लिटर ओतलं. वर काठीने ढवळलंसुद्धा.

आणि घरात दीड महिन्याची नात होती. तिला अंगावरचं दूध पुरत नव्हतं, म्हणून सूनबाई पावडरचं दूध पाण्यात कालवून बाटलीने पाजत असे.

मास्तरांनी खडू खाली ठेवला. व्हरांड्यात जाऊन बायकोला फोन लावला. तो वाजून वाजून थांबला. सुनेचा फोन मुका होता, बाळ दचकू नये म्हणून. तो नियमही मास्तरांचाच. मुख्याध्यापिकाबाई समोर आल्या. त्यांना काहीतरी सांगावं म्हणून तोंड उघडलं. बाईंनी चेहरा पाहिला आणि स्वतःच म्हणाल्या, की घरी जा.

ते आधी भराभर चालले, मग पळाले. पन्नाशी उलटलेला मास्तर पळतो तेव्हा गल्लीतली कुत्रीसुद्धा वाट देतात. डोक्यात एकच घोळत होतं: दहापट. धडधाकट माणसाला दहापट, तर चार किलोच्या जिवाला किती? हे गणित त्यांच्याने पुढे सरकेना. पाणी उकळल्यावर ते औषध उडून जातं का? ठाऊक नव्हतं. त्यांचा विषय गणित.

इमारतीच्या पायरीवर वरच्या मजल्यावरचे कारकून पोट धरून बसले होते. पाणी प्यायलात का, असं मास्तरांनी कसंबसं विचारलं. सकाळपासून तेच चाललंय, कारकून कण्हत म्हणाले. काल साहेबांच्या निरोपाच्या जेवणात त्यांचा हात आवरला नव्हता, हेही त्यांनी सविस्तर सांगितलं, पण ते ऐकायला मास्तर तिथे नव्हते.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत चिडीचूप. उशाशी रिकामी बाटली, तळाशी दुधाचा पांढरा ओघळ. बाळाचे डोळे मिटलेले, मूठ उघडी पडलेली. छाती हलतेय का ते पाहायला मास्तर वाकले, पण घामाने चष्मा धुरकट झाला होता. शेवटी त्यांनी तळपायाला चिमटा काढला.

बाळाने घर डोक्यावर घेतलं. सूनबाई धावत आली.

"बाबा, आत्ता कुठे डोळा लागला होता हो तिचा."

"ही किती प्यायली?"

"सगळं. का?"

मास्तरांनी एका दमात सांगून टाकलं. सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. तिने बाळाला उचलून छातीशी धरलं, त्याच्या तोंडाचा वास घेतला, आणि रडू लागली. आता दोघी रडत होत्या. मास्तर डॉक्टरांचा नंबर शोधत होते आणि बोटं भलतीकडेच पडत होती.

बायको हात पुसत बाहेर आली. तिने सगळं ऐकून घेतलं.

"कुठल्या टाकीत ओतलंत?"

"गच्चीवरच्या."

"अहो, गच्चीवर दोन आहेत. काळी की पांढरी?"

"काळी," मास्तर म्हणाले.

बायको खुर्चीत बसली. मग तिने सुनेला गप्प राहायला सांगितलं आणि बाळाला आपल्याकडे घेतलं.

काळ्या टाकीचं पाणी फक्त संडासाच्या फ्लशला जात होतं.