बर्फावरचा प्रसंग बरोबर आहे

तळ्याकाठच्या हॉल्मनेसमधले लोक सिनेमाला जायचं की नाही हे लाउगाने दिलेल्या गुणांवरून ठरवायचे. तिचा नवरा गिस्ली याच्याकडून त्यांना फक्त सिनेमात खोटं काय आहे ते कळायचं.

बायरन कोस्त्युकचं थिएटर हिवाळ्यात शुक्रवारी आणि शनिवारीच उघडं असे. आत शिरल्यावर पॉपकॉर्नच्या यंत्राशेजारी एक फळा होता आणि त्यावर पोस्टकार्डाएवढं कार्ड टाचलेलं असे. डावीकडे गिस्लीचे गुण, उजवीकडे लाउगाचे, दहापैकी. खाली गिस्लीने टाइपरायटरवर बडवलेल्या चार ओळी. हे कुणी त्याला सांगितलं नव्हतं आणि त्याचे पैसेही मिळत नव्हते. एकोणीस वर्षं तो हे करत होता.

‘नायकाने एका पिस्तुलातून एकतीस गोळ्या झाडल्या. मी मोजल्या. मध्ये एकदाही भरलं नाही.’ गिस्ली तीन, लाउगा आठ.

‘स्फोटाकडे पाठ करून सावकाश चालत जाणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. मला भेटलेले सगळे वळून बघतात.’ गिस्ली चार, लाउगा सात.

‘हिमवादळात नायिकेच्या तोंडातून वाफ निघत नाही. तो हिवाळा साबणाच्या फेसाचा होता.’ गिस्ली दोन, लाउगा नऊ. लाउगाने पेनाने खाली लिहिलं होतं, ‘घोडा गुणी होता.’

लोक हसायचे, पण गिस्लीचं म्हणणं कुणी खोडून काढत नसे, आणि बर्फाबद्दल तर नाहीच. एकतीस हिवाळे त्याने गोठलेल्या तळ्यावरचा रस्ता सांभाळला होता. किनाऱ्यापासून ब्योर्क बेटापर्यंत सहा मैल. बर्फाची जाडी मोजायची, दोन्ही बाजूंना स्प्रूसच्या फांद्या रोवून रस्ता आखायचा, कधी उघडायचा आणि कधी बंद करायचा ते ठरवायचं. त्याच्या हाताखाली एकही माणूस बुडाला नाही. बेटावरच्या बायका अजून म्हणायच्या, गिस्लीने हो म्हटलं असेल तर पोरांना बसवून बर्फावर गाडी घाला.

लाउगा जानेवारीत गेली. हॉस्पिटलात नेण्याआधी तीन आठवडे दोघांनी शेवटचा सिनेमा पाहिला. दरोडेखोर ट्रक घेऊन गोठलेल्या तळ्यावर शिरतात, मागे बर्फ फुटत येतो, आणि नायक गाडीचा वेग वाढवत वाढवत भेगेच्या पुढे पळतो. गिस्लीने तोंड उघडलं होतं. लाउगाने अंधारात त्याचा हात धरला. तिचा हात तेव्हा काटकुळा झाला होता.

“आज काही बोलू नकोस,” ती म्हणाली. “किती छान आहे रे.”

तो बोलला नाही. दफनानंतर आठवड्याने तो टाइपरायटरपुढे बसला. लाउगाचे दहा लिहिले. मग स्वतःचेही दहा लिहिले, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. खाली एकच ओळ टाइप केली: ‘बर्फावरचा प्रसंग बरोबर आहे.’

बायरनने कार्ड टाचलं, वाचलं, आणि डोळे पुसायला मागच्या खोलीत गेला. नंतर लोकांच्या आग्रहावरून त्याने तो सिनेमा मार्चमध्ये पुन्हा आणला. कार्डही पुन्हा लागलं.

मार्चच्या अखेरीस दिवसा बर्फ वितळायला लागला. रस्त्याच्या चाकोरीत पाणी साचून राहिलं. चार दिवस तळं गप्प होतं. गिस्ली रोज सकाळी मागच्या दारात कॉफीचा कप घेऊन उभा राही आणि कान देई. ऐन थंडीत तळं ओरडतं, कण्हतं, तोफेसारखं वाजतं, तेव्हा भ्यायचं नसतं. बर्फ जाड होत असतो. तळं गप्प बसलं की भ्यायचं. किनाऱ्यावर कावळेही नव्हते. बर्फाचा रंग दुधासारखा होता तो आता शिशासारखा झाला होता.

रस्ता आता त्याच्या ताब्यात नव्हता. नव्या माणसाने शनिवारी दुपारी बंद करायचं ठरवलं होतं. गिस्लीने गुरुवारी केला असता.

शनिवारी अकरा वाजता तो थिएटरवर गेला. बायरन यंत्रातलं जुनं तेल काढत होता.

“ये म्हाताऱ्या! नवीन कार्ड आणलंस? या वेळी किती, उणे दोन?”

“कार्ड नाही. घरात बसवत नव्हतं.”

“बस. व्हिनारटेर्टा आहे. माझ्या ओल्गाने केलाय. तुझ्या लाउगासारखा नाही, सांगून ठेवतो. ओल्गा आलुबुखारात वेलदोडा घालायला विसरते आणि मग मलाच दोष देते.”

गिस्लीने केकचा तुकडा घेतला. खाल्ला नाही. बशी मांडीवर ठेवून तो फळ्याकडे बघत राहिला. उजव्या बाजूचे दहा.

“रुना सकाळी आली होती,” बायरन म्हणाला.

रुना म्हणजे लाउगाच्या बहिणीची मुलगी. बारा वर्षं विनिपेगला राहून या हिवाळ्यात परत आली होती आणि बेटावर टपाल आणि औषधं नेण्याचं काम तिने घेतलं होतं. दर रविवारी गिस्लीच्या घरी येई, भांडी घासे, आणि त्याने नको म्हटलं की म्हणे, काका, गप्प बसा.

“शेवटची फेरी आहे तिची,” बायरन सांगत होता. “मी म्हटलं, पोरी, बर्फ कसा दिसतोय बघितलंस का? सोडून दे. तर ही म्हणते, बेटावर दोघांचं इन्सुलिन संपत आलंय. आणि तडकलाच तर पाय दाबून सुसाट निघायचं.”

“काय?”

“सुसाट. सिनेमातल्यासारखं. मी म्हटलं, माझा बाप तर सांगायचा हळू जा. ती म्हणाली, ते जुन्या गाड्यांचं हो. आणि कार्डावर बोट ठेवलं. म्हणाली, गिस्लीकाकांनी लिहिलंय. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.”

बशी खाली पडली. फुटली नाही, गोल फिरत राहिली.

“कधी गेली?”

“नऊला. अरे, काय झालं?”

“फोन दे.”

बेटावरच्या टपालघरातली बाई म्हणाली की रुना आत्ताच निघाली, दहा मिनिटं झाली असतील. तळ्यावर दोन मैलांनंतर फोन लागत नाही. टपालाच्या गाडीत संपर्काचं दुसरं काही साधन नव्हतं.

“गिस्ली, बर्फावरचा प्रसंग बरोबर नाहीये का?” बायरनने विचारलं.

“नाही.”

“मग लिहिलंस कशाला?”

गिस्ली दाराबाहेर पडला होता.

बर्फावर गाडी चालते तेव्हा खालचं पाणी दबतं आणि गाडीबरोबर एक लाट चालायला लागते. हळू गेलं तर ती लाट लहान राहते. वेग वाढवला तर मोठी होते. किनाऱ्याजवळ पाणी उथळ असतं, तिथे ती तळाला आपटते, मागे फिरते, आणि बर्फ खालून वर फुटतो. माणूस फुटक्या बर्फापासून पळत असतो आणि तो फोडतही तोच असतो. हे गिस्लीने एकतीस वर्षं प्रत्येक नव्या ड्रायव्हरला सांगितलं होतं. रुना गाडी चालवायला शिकली ती विनिपेगला.

किनाऱ्यापर्यंत तो गाडीने गेला आणि तिथे थांबला. पुढे गाडी नेण्यात अर्थ नव्हता. समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांच्या लाटा एकमेकींना भेटतात. तो चालायला लागला.

चाकोरीतलं पाणी बुटांच्या वर येत होतं. तो चाकोरी सोडून मधून चालला. बर्फ पायाखाली वाजत नव्हता. चार दिवसांचं पाणी पिऊन तो मऊ झाला होता आणि टाच रुतत होती. धुकं फार नव्हतं पण बेट दिसत नव्हतं, फक्त फांद्यांच्या दोन रांगा समोर जात जात राखाडी रंगात संपत होत्या. काही फांद्या कलल्या होत्या. गिस्लीच्या काळात कुणी फांदी कलू देत नसे.

अर्ध्या मैलावर तो थांबला. उथळ जागा इथे सुरू होत होती. त्याने एक फांदी उपटली. ती सहज आली. पूर्वी कुऱ्हाडीने फोडून काढावी लागे. त्याने ती रस्त्यावर आडवी टाकली आणि दुसरी तिच्यावर फुलीसारखी. फुली म्हणजे गाडी इथे सोड आणि चालत ये. या किनाऱ्यावर शाळेत जायच्या आधी पोरं हे शिकतात. रुनाही शिकली असेल. ती दिसेल की नाही हाच प्रश्न होता. म्हणून तो पुढे गेला आणि शंभर पावलांवर दुसरी फुली केली, मग तिसरी. छातीत धाप मावत नव्हती. हात फांद्यांच्या चिकाने काळे झाले.

मग गाडी दिसली.

आधी दिवे, पिवळे, एकमेकांजवळ. ती हळू येत होती. बुडालीच तर बाहेर पडता यावं म्हणून खिडक्या खाली होत्या, तेवढं कुणीतरी शिकवलं होतं. गिस्ली तिसऱ्या फुलीमागे उभा राहिला आणि दोन्ही हात पसरून तळवे खाली दाबायला लागला. हळू. हळू.

तेव्हा तळं बोललं. चार दिवसांनी, एकदाच. खालून लांब, जाड हुंकार आला, जणू कुणीतरी झोपेत कुशीवर वळलं. रुनाच्या मागे, दूरवर, एक काळी रेघ पांढऱ्यावर उमटली.

इंजिनाचा आवाज चढला.

“नको!” गिस्ली ओरडला. आवाज पोचणार नव्हता. गाडी मोठी व्हायला लागली. दोन्ही बाजूंनी पाण्याचे पंखे उडत होते. सिनेमात अगदी असंच दाखवलं होतं, त्याला आठवलं, आणि तेव्हा लाउगाचा हात त्याच्या हातात होता.

त्याच्या पायाखालचा बर्फ वर उचलला गेला. गाडी अजून दोनशे पावलं लांब होती आणि तिची लाट आधीच पोचली होती. चाकोरीतलं पाणी एका बाजूला झुकलं आणि परत आलं. गिस्ली पळाला नाही. तो फुलीवर आडवा झाला, हातपाय पसरून, काळा कोट पांढऱ्यावर. फांद्या दिसल्या नाहीत तरी माणूस दिसेल.

गाल ओल्या बर्फावर होता. त्याला बर्फाच्या आतला आवाज ऐकू येत होता, बारीक, काच चावल्यासारखा. मग इंजिनाचा आवाज उतरला. अजून उतरला. बंद पडला.

त्याने मान वर केली. गाडी साठ पावलांवर उभी होती. दार उघडून रुना उतरत होती.

“काका! काय झालं तुम्हाला? पडलात?”

“जवळ येऊ नकोस! तिथेच थांब. रिकाम्या हातांनी बाजूला हो. पिशवी राहू दे.”

“टपाल आहे त्यात.”

“राहू दे म्हणतो ना!”

तो गुडघ्यांवर आला, मग उभा राहिला. रुना वळसा घेऊन आली आणि दहा पावलांवर त्याने हात करून तिला थांबवलं. तिचा चेहरा पांढराफटक होता.

“मागे तडकला होता,” ती म्हणाली. “मी तुम्ही लिहिलंत तसंच करत होते.”

“माहीत आहे.”

“मग फुली कशाला टाकलीत?”

“मी खोटं लिहिलं होतं.”

“तुम्ही?”

“तिने सांगितलं होतं, काही बोलू नकोस. म्हणून बोललो नाही.” त्याने कोटाच्या बाहीने तोंड पुसलं. “ती फक्त तेवढ्या वेळापुरतं म्हणाली होती. मी लिहून ठेवलं.”

रुनाने त्याचा हात धरायला पाऊल पुढे टाकलं.

“दहा पावलं,” तो ओरडला. “दोघांचं वजन एका जागी नको. तू पुढे चाल, मी मागे येतो. आणि गाडीकडे बघायचं नाही.”

ते किनाऱ्याकडे चालले. रुना पुढे, रडत, आणि मध्येमध्ये शिव्या देत, कधी तळ्याला, कधी त्याला. तो दहा पावलं मागे. मागून काही आवाज येत नव्हता. त्याला वळून बघायचं होतं, पण त्याने स्वतःच घातलेला नियम पाळला.

किनाऱ्यावर बायरन दोर आणि शिडी घेऊन उभा होता. बेटावर फोन करून त्याने रस्ता बंद करवला होता. गिस्ली थांबला नाही. तो सरळ थिएटरवर गेला, फळ्यावरचं कार्ड काढलं, आणि तिकिटांच्या खिडकीवर पेन मागून घेऊन स्वतःचे दहा खोडले. तिथे शून्य लिहिलं. ओळ खोडून खाली लिहिलं: ‘बर्फावरचा प्रसंग साफ खोटा आहे. वेग वाढवला की माणूस मरतो. हे मला माहीत होतं.’

उजव्या बाजूचे दहा त्याने तसेच ठेवले आणि कार्ड जुन्याच भोकातून टाचणी घालून लावलं.

रात्री रुना त्याच्याकडे राहिली. सकाळी कॉफी घेऊन दोघं मागच्या दारात उभी राहिली. फांद्यांच्या रांगा दिसत होत्या, तिन्ही फुल्याही दिसत होत्या. त्यांच्या पलीकडे गाडी नव्हती. बर्फाला भोकही दिसत नव्हतं, वरून पातळ सायीसारखा नवा थर धरला होता, शिशाच्या रंगाचा.

तळं पुन्हा गप्प होतं.