चिंगी, पुढे एक

पार्लरवाल्या ताईला कॉम्प्युटरचा राग यायचा तो त्याच्या आगाऊपणामुळे. अपॉइंटमेंटच्या साइटवर खातं उघडताना तिने पासवर्ड टाकला, तर लाल अक्षरांत उत्तर: कमकुवत आहे. मोठं अक्षर घाला, आकडा घाला, चिन्ह घाला. "केस कापायचं दुकान आहे बाबा, तिजोरी नाही," असं म्हणत तिने शेवटी एक आकडा जोडला. साइटने नाक मुरडत तो चालवून घेतला.

पुढे सगळं सुरळीत होतं. मग एका आठवड्यात खुर्च्या रिकाम्या पडायला लागल्या. नेहमीची एक बाई रस्त्यात भेटली आणि म्हणाली, "नवी जागा छान आहे हो. तुम्हीच दिसला नाहीत."

ताईच्या खात्यावरून सगळ्या गिऱ्हाइकांना निरोप गेला होता: आम्ही जागा बदलली आहे. पत्ता धाकट्या बहिणीच्या नव्या पार्लरचा. तिला कात्री धरायला शिकवलं ते ताईनेच.

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने खातं परत मिळवून दिलं. "चोर मशीन लावून हजारो सोपे शब्द टाकून बघतात. म्हणून साइट एवढी मागे लागते," तो म्हणाला. "काय होता पासवर्ड?"

"चिंगी, पुढे एक."

"चिंगी कोण?"

चिंगी म्हणजे धाकटीच. आई गेल्यापासून ते नाव फक्त ताईच्या तोंडी उरलं होतं. इथे मशीन कशाला लागतंय!

तिने तिथूनच फोन लावला. "कसं उघडलंस?"

"आधी तुझं नाव टाकलं, मग भाऊजींचं, मग दुकानाचं." धाकटीच्या आवाजात लाज औषधालाही नव्हती. "माझं अगदी शेवटी, गंमत म्हणून. नुसत्या नावाने उघडेना, मग पुढे एक लावला. मला काय माहीत, तू माझं नाव ठेवलं असशील!"

"आणि कळल्यावर?"

पलीकडे कात्री चालू झाली.

"ताई, गिऱ्हाईक बसलंय," म्हणून तिने फोन ठेवला.

नवा पासवर्ड टाकायची वेळ आली. ताईने कीबोर्डवर बोटं वाटेल तशी आपटली. हिरव्या अक्षरांत उत्तर आलं: मजबूत.

"हा काही लक्षात राहायचा नाही," दुरुस्तीवाला म्हणाला. "घरातल्या कोणाला तरी सांगून ठेवा."

"घरातल्यांपासूनच तर लपवायचाय," ताई म्हणाली.