लाल बटन

“मॅडम, तुम्ही वापरता किती आन् भरता किती, हे कधी पाह्यलं काय?” हिमानीचा मोबाइल हातात घेत प्रसेनजित तायडेने विचारले. “हे फोन लावणाऱ्याले गाणं ऐकवाचं कोणी चालू केलं? त्याचे दर महिन्याले पैसे कटून राह्यले.”

“मी नाही केलं, दादा. आपोआप लागलं असेल.”

“आपोआप काही नाही लागत. बोट लागते.”

शेजारच्या टेबलावरून बडेबाबू चिंतामणराव हसले. “तायडे, तू कंपनीत नोकरीला असतास तर कंपनी बुडाली असती.”

प्रसेनजितही हसला. पण हसताना त्याचा डावा हात टेबलाखाली होता आणि त्या हातातल्या फोनवरून तो सकाळपासून चौथ्यांदा धामणगाव बढ्याला, आईच्या फोनवर रिंग देत होता. रिंग पूर्ण वाजली, शेवटपर्यंत, आणि मग आपली आपण थांबली.

कोणी ती कापली नाही.

बुलढाण्याच्या त्या सरकारी कार्यालयात प्रसेनजित बावीस वर्षे आवक-जावक लिपिक होता. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, जाणाऱ्या कागदाला क्रमांक द्यायचा. इतक्या वर्षांत त्याच्या हातून एकही क्रमांक चुकला नव्हता आणि ते कोणाच्या लक्षातही आले नव्हते. लोकांच्या लक्षात होते ते त्याचे दुसरे कसब. फोनचा खर्च कमी कसा करावा, हे विचारायला शिपायापासून साहेबापर्यंत सारे त्याच्या टेबलाशी येत. कोणाचे घरी वायफाय असून मोबाइलवरही रोजचा भरमसाट डेटा घेतलेला असे, कोणी महिन्याचा रिचार्ज मारत मारत वर्षात तेरावा महिना भरत असे, कोणाच्या दुसऱ्या सिमवर वर्षभर एकही फोन आलेला नसे. प्रसेनजित चष्मा कपाळावर सरकवून ते सारे शोधून काढी आणि ज्याचे त्याला समजावून सांगी. चहासुद्धा घेत नसे.

या कसबाचे मूळ त्याच्या आईत होते. वडील गेल्यावर जनकाबाई गावी एकटीच राहिली, तेव्हा, बारा वर्षांपूर्वी, त्याने तिला बटनांचा साधा फोन घेऊन दिला होता. त्या काळी मिनिटामिनिटाला पैसे कटत. म्हणून त्याने तिला नियम शिकवला होता: वाजला की नाव पाहायचे, उचलायचा नाही. सकाळी सहाला तिची एक रिंग यायची, म्हणजे ती उठली, चहा झाला. त्याची एक रिंग जायची, म्हणजे कळले. लागोपाठ दोन रिंगा म्हणजे बोलायचे आहे, तू फोन लाव. बारा वर्षांत जनकाबाईने दोन रिंगा तीनदाच दिल्या होत्या आणि तिन्ही वेळा भावकीतले कोणीतरी गेलेले होते.

पुढे बोलणे फुकट झाले. तसे त्याने तिला अनेकदा सांगितले. पण “फुकट कोणी काही देते काय बे?” यापलीकडे ती गेली नाही. आषाढात तो गावी गेला असताना तिनेच विषय काढला होता.

“महिन्याच्या तीस रिंगा होते माह्या. बोलत त मी नाहीच. मंग त्याचे एवढे पैसे तू काऊन भरतं?”

साऱ्या कार्यालयाचे हिशेब तपासणाऱ्या माणसाला हा हिशेब कधी सुचला नव्हता. त्याला आईचा अभिमान वाटला. त्याने तिचा रिचार्ज संपू दिला. तिच्याकडून फोन लागणे बंद झाले, तरी तिला आलेला फोन काही आठवडे वाजत राहतो, हे त्याला ठाऊक होते. तेवढ्यात दोन महिन्यांतून एकदा छोटा रिचार्ज मारला की भागले. रोज सकाळी तो फोन लावील, ती उचलील. इतके सोपे.

पण ती उचलीना. तीन दिवस वाट पाहून त्याने शेजारच्या झुंबरबाईच्या फोनवरून तिला बोलावून घेतले.

“माय, फोन काऊन नाही उचलत?”

“कायले उचलू? तुहा मिसकॉल आला, मले समजलं. मंग म्या बी देल्ला.”

“तुहा लागत नाही आता. मी बंद केला ना.”

“लागत कसा नाही? महामाया उचलते ना. रोज उचलते आन् काहीबाही हिंदीत बोलते. तिले सांगजो, उचलू नको म्हणा. पैसे कटते.”

प्रसेनजितला क्षणभर उलगडा होईना. मग लक्षात आले, की ती कंपनीची बाई. रिचार्ज संपला आहे, हे सांगणारा नोंदवलेला आवाज. आई त्यालाच सून समजत होती. तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. घरी त्याने बायकोला हा किस्सा सांगितला, तेव्हा महामाया मात्र हसली नाही.

“हसता काय? त्यायले वाटते मी त्यायच्यासंग परक्यावानी बोलून राह्यली. भरून टाका ना त्यायचा रिचार्ज.”

“भरतो ना. त्याच्याआधी एक युक्ती आहे.”

युक्ती त्याने आईला झुंबरबाईच्याच फोनवरून सांगितली. “माय, उचलू नको. मी लावला का दोनदा वाजू दे आन् लाल बटन दाब. कापला म्हणजे मी समजीन तू उठली.”

“ह्याचे किती कटते?”

“एक नवा पैसा नाही.”

“हे बेस झालं,” जनकाबाई म्हणाली होती.

त्यानंतर एकोणीस सकाळी ठीक सहाला तो फोन लावी, पहिली रिंग वाजे, दुसरी वाजे, आणि फोन कापला जाई. आईने फोन तोंडावर कापला की ज्याला दिवसभर बरे वाटे, असा मुलगा जिल्ह्यात दुसरा नसेल.

आज विसावी सकाळ होती.

“तायडे, चेहरा का उतरला?” हिमानी फोन घेऊन गेल्यावर चिंतामणरावांनी विचारले.

“माय फोन कापून नाही राह्यली.”

चिंतामणरावांना किस्सा माहीत होता. “अरे, गेली असेल शेतात.”

“अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, साहेब. उंबरठ्याच्या बाहेर फोनबिगर जात नाही.”

“मग शेजारणीला लाव.”

ते त्याने सकाळीच केले होते. झुंबरबाईचा फोन लागत नव्हता. निंदणाचे दिवस, घरची सारी माणसे उजाडायलाच शेतात जात आणि फोन तिचा मुलगा गोविंदा खिशात नेत असे; शेतात रेंज मिळत नसे.

साडेअकराला प्रसेनजितने पाचव्यांदा फोन लावला. या वेळी रिंग वाजलीच नाही. एक बाई नितळ आवाजात म्हणाली की या क्रमांकावरील इनकमिंग सेवा बंद करण्यात आली आहे.

त्याने सोडलेला निःश्वास चिंतामणरावांनाही ऐकू गेला.

“येणारे फोनही बंद झाले, साहेब. मी महिनाअखेरपर्यंत धरलं होतं. कंपनीनं आधीच बंद केलं.”

“बघ. तुझ्याच युक्तीने बंद झाला आणि तूच घाबरतोस. संध्याकाळी भरून टाक, जा.”

प्रसेनजितने रजिस्टर ओढले. मनावरचा दगड उतरलेल्या माणसासारखा तो झरझर क्रमांक घालू लागला. पाऊण तास गेला. एका पाकिटावर शिक्का मारला, वेळ टाकण्यासाठी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, आणि त्याचा हात थांबला.

इनकमिंग साडेअकराला बंद होते. पावणेअकराला ते चालू होते. सकाळी सहालाही चालू होते. फोन वाजला होता; चार वेळा, शेवटपर्यंत वाजला होता, आणि लाल बटन कोणी दाबले नव्हते. कंपनीने बंद केले ते नंतर. तेवढ्या एका खुलाशाला धरून तो पाऊण तास बसून राहिला होता.

तो उभा राहिला. उभ्याउभ्याच त्याने आईच्या क्रमांकावर वर्षभराचा रिचार्ज मारला. आजवर कोणालाही न सुचवलेला, सर्वांत मोठा. काही मिनिटांनी फोन लावला. पुन्हा रिंग वाजू लागली. तो दाराकडे चालत होता, चिंतामणराव मागून काही विचारत होते, आणि रिंग वाजतच होती.

राजूर घाट तो मोटारसायकलवर कसा उतरला, हे त्याला नंतर सांगता आले नसते. मोताळ्याला थांबून त्याने एकदा फोन लावला, पुढे एका पुलावर एकदा. दुतर्फा कपाशी कमरेएवढी झाली होती आणि त्यात वाकलेल्या बायांच्या पाठी दिसत होत्या. आभाळ भरून आले होते, पण पडत नव्हते. प्रत्येक वेळी फोन इमानाने वाजत होता. लाल बटन दाबायला सेकंदही लागत नाही, असे त्यानेच तिला शिकवले होते.

वस्तीत शिरला तेव्हा दीड वाजला होता. आईच्या घराचे दार बंद होते, आणि बाहेर कुलूप नव्हते.

“माय,” त्याने हाक मारली. मग मोठ्याने, “माय.”

समोरून झुंबरबाई नुकतीच शेतातून येत होती; डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा. “काऊन रे प्रसेन, आज कसा आला? जनकाबाई घरीच असन. दार लोटून झोपली असन.”

“दार लोटलं नाही, मावशी. आतून कडी आहे.”

“काल दिवेलागणीले त चांगली बोलली माह्यासंग.”

प्रसेनजितने खिशातून फोन काढला आणि लावला. दोघेही दाराजवळ उभे होते. आत फोन वाजू लागला. त्या साध्या फोनची ती उंच, चिरकी धून पत्र्याच्या घरात भरून राहिली. झुंबरबाईने डोक्यावरचा भारा हळूच खाली टाकला. धून संपली. मग नुसता पत्रा वाऱ्याने वाजत राहिला.

“गोविंदा,” झुंबरबाईने मागे वळून हाक दिली, “पहार आण रे.”

गोविंदाने पहारीने दार बिजागरीतून उचकटले. जनकाबाई चूल आणि बाजेच्या मध्ये उजव्या कुशीवर पडली होती. उजवा हात अंगाखाली दबला होता, ओठ एका बाजूला ओढले गेले होते, लुगडे ओले होते. डोळे उघडे होते. ते डोळे दारातल्या उजेडाकडे वळले आणि प्रसेनजितवर येऊन थांबले. ती जिवंत होती.

गोविंदाने एकशे आठला फोन लावला. झुंबरबाईने प्रसेनजितला बाजूला केले, बाजेवरची वाकळ ओढून जनकाबाईला झाकले आणि आडोसा करून तिचे लुगडे बदलले. फोन बाजेखाली, भिंतीपर्यंत सरकत गेला होता. प्रसेनजितने पालथे पडून तो काढला. पडद्यावर त्याचे स्वतःचे न उचललेले फोन होते. त्याखाली तिने लावलेले.

पहाटे चार पन्नासपासून साडेपाचपर्यंत, सतरा वेळा. सगळे त्याच्याच नावावर.

तो वेळा पाहत गेला. चार पन्नासला दोन, लागोपाठ. मग थोडी जागा. चार सत्तावन्नला दोन. पुन्हा दोन. तिने नियम मोडला नव्हता. दोन रिंगा द्यायच्या आणि थांबायचे. मुलगा फोन लावील. असे आठ वेळा. प्रत्येक वेळी ती बाई तिला काहीतरी सांगून गेली असेल, आणि प्रत्येक वेळी आईने, उचलू नको म्हटलेले असताना सून उचलते आहे आणि तरी कोणी येत नाही, असे समजून पुन्हा लावला असेल. सतरावा एकटाच होता. त्याचा जोडीदार नव्हता.

“तुले लावला नाही काय तिनं?” झुंबरबाईने विचारले.

“लावला,” प्रसेनजित म्हणाला.

झुंबरबाई पुढचे ऐकायला थांबली. त्याने फोन खिशात घातला.

गाडी आली. सोबतच्या डॉक्टरने नाडी पाहिली, डोळ्यांत बत्ती टाकली, पडून किती वेळ झाला ते विचारले. प्रसेनजितने वेळ अचूक सांगितली. “फार उशीर झाला आहे,” डॉक्टर म्हणाला. आरोप न करता, कागदावर लिहिता लिहिता. बुलढाण्याला नेऊ, म्हणाला.

मोताळा मागे पडले आणि गाडी घाट चढू लागली, तेव्हा जनकाबाई बोलू लागली.

आधी घशातून नुसता आवाज आला. मग ती बोलतच राहिली. आवाज तिचा होता, चढउतार तिचे होते. मध्येच काही विचारल्यासारखे, मध्येच रागावल्यासारखे, मध्येच कोणाची तरी गोष्ट सांगितल्यासारखे. शब्द मात्र कोणत्याही भाषेचे नव्हते. प्रसेनजितने डॉक्टरकडे पाहिले.

“असं होतं,” डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाला. “त्यांना वाटत असतं की त्या नीट बोलताहेत.”

प्रसेनजित खाली सरकला, बाकाच्या कडेला गुडघे टेकून त्याने कान तिच्या तोंडाजवळ नेला. बारा वर्षांत ती त्याच्याशी सलग इतके कधी बोलली नव्हती. ती एक लांब वाक्य पुरे करी, थांबे, आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाही.

“हाव, माय,” तो म्हणे.

तेवढे ऐकले की ती पुढचे सांगू लागे.