बोटीतून आलेला माणूस

कत्तलखान्यात हाडं काढायच्या ओळीत क्वेट्टाहून आलेला खादिम हुसेन आणि मर्व्ह वर्षानुवर्षं शेजारीशेजारी उभे राहत. मर्व्ह गावातला जुना माणूस, तोंडाने फटकळ. त्याची बायको ग्लेनिस आजारी पडली तेव्हा तिला अ‍ॅडलेडच्या इस्पितळात खादिमनेच नेलं-आणलं. तेव्हापासून रविवारी तो जेवायला त्यांच्याकडेच असे.

मग बंद पडलेल्या मोटेलात निर्वासितांची काही कुटुंबं येणार असं कळलं आणि गाव पेटलं. रविवारी दुपारी सभा भरली. मर्व्ह आणि ग्लेनिस निघाले; मर्व्ह खादिमलाही ओढतच घेऊन गेला.

"मी कशाला तिथं?"

"अरे, तू शेजारी असलास की आम्हाला कोणी वंशद्वेषी म्हणणार नाही. चल."

"डॉक्टरकडे आपल्यालाच नंबर लागत नाही!" सभेत कोणीतरी ओरडलं. "आपल्या पोरांना भाड्यानं घर मिळेना!" खादिमला यात खोटं काही वाटलं नाही. पण मग मागून एक बाई म्हणाली, "रांग मोडून बोटींनी घुसतात मेले. बुडाले तर बुडू देत." टाळ्या पडल्या.

मर्व्ह उठला. "आमचा खादिम बघा. रीतसर आला, मान मोडून राबतो. अशांना कोण नको म्हणतंय? सांग रे लेका यांना!"

खादिम उभा राहिला. आभार मानून खाली बसता आलं असतं. तेच करायचं त्याच्या मनात होतं.

"मी बोटीनंच आलो," तो म्हणाला. "धाकटा भाऊ बरोबर होता. तो बुडाला."

अध्यक्षांनी घसा खाकरला आणि मोटेलला विरोध असणाऱ्यांनी हात वर करावेत, असं सांगितलं. मर्व्हने खादिमकडे एकदा पाहिलं आणि हात वर केला. ग्लेनिसने मान खाली घालूनच केला.

बाहेर आल्यावर मर्व्ह भडकला. "इतकी वर्षं माझ्या घरी जेवलास, आणि बोलला नाहीस?"

"तू कधी विचारलंस?"

"चारचौघांत तोंडघशी पाडलंस मला!" मर्व्हने ग्लेनिसला गाडीत बसवलं आणि निघून गेला. खादिम चालत खोलीवर आला.

सोमवारी मर्व्हने दुसरी ओळ मागून घेतली. पुढच्या रविवारी जेवायचं बोलावणं आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

खादिमने क्वेट्टाला बायकोला, मासूमाला, फोन लावला. बोटीनं आलेल्याला बायकामुलं आणायची परवानगी नव्हती. कधीतरी लोकांचं मन पालटेल, मग कायदाही पालटेल, असं तो तिला दर वर्षी सांगत आला होता.

"आपल्या नर्गिससाठी ते स्थळ आलं होतं ना," तो म्हणाला, "त्यांना हो म्हण."

"आणि तुम्ही? तुम्ही आल्याशिवाय लग्न नाही म्हणत होतात."

"माझी वाट बघू नका."



"बापाच्या जागी कोण बसेल?" मासूमाने विचारलं.

"तुझ्या भावाला सांग," खादिम म्हणाला.