भिंतीवरचा नकार

पुन्हा लाव.

हुपरीत बसम्माच्या सोप्यात माणूस मावेना. सगळे एका मोबाईलवर वाकलेले. दोन बोटांनी चित्र मोठं केलेलं. त्यात भिंतीवरचा हार घातलेला फोटो. शिवशरणचा. पैंजण घडवणारा बसम्माचा एकुलता एक मुलगा, मागच्या वर्षी वारलेला.

फोटो डावीकडे सरकतो. उजवीकडे. पुन्हा डावीकडे.

"न्हाय म्हणतोय की वो!"

व्हिडिओ साखरपुड्याचा. शिवशरणच्या बायकोचं, दानेश्वरीचं, दुसरं लग्न सासूनंच ठरवलेलं. आता सासूच डळमळलेली.

पुन्हा लाव.

गुरुसिद्ध अप्पांनी डोळे मिटले. मिटल्यावर त्यांना जास्त दिसतं म्हणे. "आत्मा अडकलाय. लग्न मोडा. चांदीचा मुखवटा घडवा आणि माझ्या मठात ठेवा."

"चांदीच लागती व्हय अप्पा? पितळ चालत न्हाय आत्म्याला?" दानेश्वरीनं विचारलं.

"गप गं!" बसम्मा म्हणाली. "माझं पोरगं बोलतंय."

खोली गार पडली. खरा फोटो भिंतीवर जागच्या जागी होता, तरी त्याच्याकडे पाठ करून बसायला कुणी धजेना. दानेश्वरीसुद्धा.

पुन्हा लाव.

या वेळी मोबाईल दानेश्वरीनं ओढून घेतला आणि चित्र लहान केलं. अख्खी भिंत दिसली. फोटो हलत होता. शेजारचं घड्याळ हलत होतं. कॅलेंडर, दाराची चौकट, सगळंच.

"अव्वा, घड्याळाला पण माझं लग्न नको हाय काय?" तिनं सासूला विचारलं.

कुणीतरी फिसकन हसलं. व्हिडिओ काढणाऱ्या आरिफला फोन गेला. तो कोल्हापूरहून लॅपटॉप घेऊनच आला.

"वैनी, गर्दीत धक्के बसून शूटिंग लई हललं हुतं. म्हणून सॉफ्टवेअरला एक ठिपका दाखवला. हा धर, ह्याला जागचा हलू देऊ नको. तुमची टिकली चमकत हुती, तीच धरली."

"आणि मी काय करत हुते?"

"बायका नाव घे म्हणत हुत्या. तुम्ही लाजून मान हलवत हुता. नको, नको."

टिकली स्थिर ठेवायची म्हणून सॉफ्टवेअरनं प्रत्येक चित्र मानेच्या उलट दिशेला सरकवलं. मान थांबली, भिंत हलू लागली.

आरिफनं आता ठिपका फोटोच्या खिळ्यावर धरला.

पुन्हा लाव.

शिवशरण निश्चल. दानेश्वरी मान हलवतेय, हसतेय.

"बघा! आत्मा आता हिच्या अंगात शिरला!" अप्पा ओरडले.

"उठा पावणं," बसम्मा अप्पांना म्हणाली.

ते गेल्यावर तिनं हळूच विचारलं, "आरिफ, ते आधीचं हाय न्हवं? एकदा दाव."

त्यानं लावलं. मुलगा हलला. बसम्मानं शेवटपर्यंत बघितलं.

"पूस ते," ती म्हणाली. "आणि पोरी, तुझ्या नव्या सासरच्यांना फोन लाव. तारीख धरू."

गेलेलं माणूस पुन्हा दिसावं असं वाटण्यात लाज कसली? पण त्याच्या नावानं जित्या माणसाचा संसार मोडायला कुणी बसलं, तर काय हलतंय एवढंच बघू नका. काय धरून ठेवलंय, आणि कुणी, तेही विचारा.