खाली ढकललेलं पाणी

"बाई, खरं सांगा. हे हादरे खोलवरचे आहेत, की आमचे?"

शाळेच्या मागच्या खोलीत भूकंपाच्या बाई उकिडव्या बसून यंत्राची वायर भिंतीला चिकटवत होत्या. शहरातून आल्यापासून सगळे त्यांना याच नावाने ओळखत. पंपवाला दारातच उभा राहिला होता.

"आमचे म्हणजे?"

"कंपनीचे. तेलाबरोबर खारट पाणी वर येतं ना, ते परत जमिनीत ढकलायचं. तो पंप माझ्याकडे असतो."

बाईंनी चिकटपट्टी खाली ठेवली आणि त्याला बसायला खुर्ची ओढून दिली. तो बसला नाही.

हादरे सुरू झाले तेव्हा लोकांनी ते हसण्यावारी नेले होते. पंपवाल्याच्या बायकोला तर निमित्तच मिळालं. "आजकाल माझा हात न लागताही भांडी आपटतात," ती म्हणायची, "आता तरी माझ्या नावाने बोटं मोडू नका." मग एका दुपारी मोठा हादरा आला आणि स्वयंपाकघराची बाहेरची भिंत आत कोसळली. ती तिथे भाजी चिरत होती. पंपवाला ड्यूटीवर होता. फोन आल्यावर त्याने आधी बदलीच्या माणसाला बोलावलं, पंप नीट सोपवला, हात धुतले आणि मग तो घरी निघाला. असं का केलं, हे त्याला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यालाही सांगता आलं नसतं.

तो रडलाही नाही. रजा संपली, तो कामावर गेला. कंपनीच्या साहेबांनी सगळ्यांना जमवून सांगितलं होतं, "पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खाली उलथापालथ चालू असते. तिथे माणसाचा हात पोचत नाही." हे वाक्य त्याने घरी येऊन मुलीला जसंच्या तसं ऐकवलं होतं. ती नोकरीवरून रजा काढून त्याच्याजवळ राहायला आली होती. तिने फक्त मान हलवली होती.

"साहेब म्हणतात तसे भूकंप असतात," बाई म्हणाल्या. "पार सहाशे-सातशे किलोमीटरवर. तिथे इतकी उष्णता आणि इतका दाब असतो, की खडक मऊ पडून वाहायला हवा. तुटायलाच नको. तरी तुटतो. समुद्राच्या तळाचा जुना, थंड खडक खाली बुडत जातो, आणि त्या दाबात त्याची आतली घडणच एकाएकी बदलते. तो आकसतो, सरकतो. बहुधा त्यामुळे होत असावं. आम्हालाही पुरतं उमगलेलं नाही. पण तसे खडक आपल्या खाली नाहीत."

"मग इथे?"

"इथले सगळे हादरे चार-पाच किलोमीटरवरचे. तुमचं पाणी जातं त्याच्या जरा खाली एक जुनी भेग आहे. दोन्हीकडचे खडक एकमेकांना दाबून बसलेत. ताण फार पूर्वीचा, तो कुणी आणलेला नाही. पण पाण्याचा दाब त्या भेगेत शिरला, की खडकांची पकड सैल होते. मग ते सरकतात."

पंपवाला ऐकत राहिला. आपल्याला काहीतरी वाटायला हवं, असं त्याच्या मनात आलं. काही वाटलं नाही.

"त्या दिवशी सकाळी दाब मीच वाढवला होता. वरून सांगितलं म्हणून."

"सकाळी वाढवला आणि दुपारी झालं, असं सहसा होत नाही हो. पाणी पसरायला महिने लागतात."

"तेव्हाही मीच होतो."

बाईंनी खाली ठेवलेली चिकटपट्टी उचलली.

"आणि आज बंद केलं तर?"

"तरी काही काळ हलत राहील. मग हळूहळू कमी होईल. निदान व्हावं."

"बरं," तो म्हणाला. "येतो."

घरी मुलीने ताट वाढलं. स्वयंपाकघराला भिंतीच्या जागी ताडपत्री होती. वाऱ्याने ती आत-बाहेर होत होती.

"ते खोलवरचं नाही म्हणे," तो म्हणाला. "आमचंच आहे."

मुलीचा हात भांड्यात थांबला. मग तिने त्याला आणखी थोडी भाजी वाढली.

"आई असती तर म्हणाली असती, भांडी मी आपटत नाही, सांगत नव्हते?"

"म्हणाली असती."

दोघंही हसले नाहीत.

"उद्या जाणार आहात, बाबा?"

"जायला तर हवं."

दुसऱ्या दिवशी साहेब पंपघरात आले. खारट पाण्याच्या टाक्या भरत आल्या होत्या. "जरा दाब वाढवा," ते म्हणाले.

पंपवाला स्टुलावर बसून राहिला. "तुम्ही वाढवा, साहेब."

"म्हणजे?"

"माझा हात नाही उचलत."

त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणून साहेबांना आधी तो आजारी आहे असंच वाटलं. त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग स्वतःच पुढे होऊन त्यांनी चाक फिरवलं. पंपाचा आवाज जड झाला. पंपवाल्याने किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि भर दुपारी तो घराकडे चालू लागला. आपण नोकरी सोडली, हे त्याला अर्ध्या वाटेत कळलं.

घरी गवंडी आला होता. नवी भिंत कमरेच्या वर गेली होती, मुलगी विटांवर पाणी मारत होती. बापाला अवेळी आलेला पाहून ती जरा बाजूला सरकली. त्याने बाह्या सारल्या आणि तो विटा पुढे करू लागला.

"खिडकी कुठून घेऊ?" गवंड्याने विचारलं. "ओट्यापाशी उभं राहून बाहेर दिसायला हवं, तर उंची सांगा."

मुलगी ओट्याच्या जागी जाऊन उभी राहिली.

"तुझ्या मापाने नको," पंपवाला म्हणाला. "ती तुझ्यापेक्षा बुटकी होती."

"किती?"

त्याने हात पुढे केला, आडवा तळवा हवेत धरला. थोडा खाली घेतला. पुन्हा किंचित वर. तिथे तो थांबला. गवंडी कानावरची पेन्सिल काढून पुढे आला आणि खूण करून होईपर्यंत त्याने हात तसाच धरून ठेवला.